शिक्षकाला चुका मोजू द्या

प्राथमिक शिक्षकाच्या कृतिसंशोधनाचा अहवाल न उघडताही सांगता येतो. स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर शाळेचा रंगीत फोटो, आत प्रस्तावना, समस्येची निवड, गृहीतक, कार्यवाही आणि मग पूर्वचाचणी-उत्तरचाचणीचे दोन स्तंभ. पहिला बुटका, दुसरा उंच. शेवटी निष्कर्ष : उपक्रम यशस्वी झाला. मी माण तालुक्यात शिक्षिका होते, लग्नानंतर आंतरजिल्हा बदलीने सांगली जिल्ह्यात आले आणि जत तालुक्यातून केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची प्रमुख, म्हणून निवृत्त झाले. या काळात असे अहवाल ढिगाने वाचले. त्यात फसलेला उपक्रम एकदाही भेटला नाही. माझ्या रानात दर साली सोळा आणे पीक येतं, असं कुणी म्हणालं तर माण-जतमधलं शेंबडं पोरही हसेल. शाळेच्या कागदावर मात्र आपण तसला दावा खपवून घेतो, वर त्याला प्रमाणपत्र देतो.

शाळा सुधारण्याचं संशोधन यशाच्या फोटोंतून होत नाही, ते मुलांच्या चुकांतून होतं. या चुका ज्याच्या डोळ्यांसमोर रोज घडतात तो माणूस म्हणजे वर्गावरचा शिक्षक. त्याला त्या चुका नोंदवायला वेळ, चार सहकाऱ्यांपुढे मांडायला जागा आणि ‘मी हे करून पाहिलं, जमलं नाही’ असं लिहायला अभय हवं. या तीन गोष्टी आपण दिलेल्या नाहीत. स्पर्धा दिल्या, निकष दिले, ॲप दिली.

त्या दोन स्तंभांची गोम सांगते. पूर्वचाचणी होते जुलैत, उत्तरचाचणी फेब्रुवारीत. मधे दिवाळी होते आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या वाड्यावस्त्यांवरून टोळ्या ऊसतोडीला निघतात. आईबापामागं पोरंही जातात. जुलैत ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांतली काही पोरं फेब्रुवारीत वर्गातच नसतात. उरलेल्यांची सरासरी काढली की स्तंभ आपसूक उंच होतो, शिक्षकाने काहीही केलेलं नसलं तरी. यात कुणी खोटं बोललेलं नसतं. पण जे मूल शिकलं नाही तेच हिशेबातून गळालेलं असतं आणि नेमका त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

याच्या उलट एक उदाहरण. माझ्या केंद्रातल्या एका शिक्षिकेकडे तिसरीचा वर्ग होता. हातच्याची वजाबाकी शिकवून झाली होती आणि निम्म्याहून जास्त मुलांची उत्तरं चुकत होती. बाईंनी लाल फुल्या मारल्या नाहीत, चुकीची उत्तरं एका वहीत उतरवून घेतली. ५२ वजा २७ याचं उत्तर बहुतेकांनी ३५ लिहिलं होतं. म्हणजे मुलं अंदाजपंचे लिहीत नव्हती, त्यांचा एक नियम होता : एककाच्या घरात असो की दशकाच्या, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. नियम चुकीचा, पण मुलं तो इमानाने पाळत होती. दुसरी काही मुलं हातचा घेत होती, पण दशकातून एक कमी करायला विसरत होती. त्यांचं उत्तर ३५ च येत होतं, कारण मात्र निराळं. फुली मारणाऱ्याला ही दोन मुलं सारखीच दिसली असती.

बाईंनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले. गठ्ठा सोडून सुट्या काड्या करायच्या आणि मग वजाबाकी. काड्या हातात असताना जवळजवळ सगळ्यांना जमलं. काड्या काढून घेतल्या, वही पुढे आली आणि पुन्हा ३५. इथे बहुतेक अहवाल ‘साहित्यामुळे संबोध दृढ झाला’ असं म्हणून संपतात. बाईंनी तसं केलं नाही. काडी आणि अंक यांच्या मधे एक पायरी हवी, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मुलांना गठ्ठे कागदावर काढायला लावले. उभी रेघ म्हणजे दशक, टिंब म्हणजे सुटा. रेघ खोडायची, दहा टिंबं काढायची. आणखी काही मुलं सुटली. तरीही थोडी राहिली. का राहिली ते बाईंना कळलं नाही आणि तसं त्यांनी वहीत लिहून ठेवलं. एवढ्या वर्षांत मी वाचलेलं सर्वांत प्रामाणिक संशोधन ते. त्याला बाइंडिंग नव्हतं, म्हणून ते कुठल्याच स्पर्धेत गेलं नाही.

हेच काम मोठ्या प्रमाणावर झाल्याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी २०१२ च्या आसपास तिथल्या चाळीस शाळांच्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवणं सुरू केलं. मूल ऐकून पाठ करत नाही, हाताळून, बोलून, आधीच्या अनुभवाशी सांधा जोडून शिकतं, ही मूळ धारणा. पियाजे, व्हिगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांची नावं आम्ही डीएडला परीक्षेपुरती घोकली होती. कुमठ्यात जिल्हा परिषदेच्या साध्या शिक्षकांनी त्या नावांमागचा विचार पहिलीच्या वर्गात उतरवून पाहिला. तत्कालीन प्रधान सचिव नंदकुमार यांनी हे काम उचलून धरलं, २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे वळल्या.

पुढं काय झालं ते मी आमच्याकडे पाहिलं. गाड्या परत आल्या, वर्गणी गोळा झाली आणि गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. संख्यारेषा, शब्दांच्या शिड्या, सापशिडी, वर्तुळात बाराखडी. दोन-तीन महिन्यांनी जावं तर त्या संख्यारेषेवर बाकं मांडलेली आणि मास्तर फळ्यावर पाढे लिहून देतायत. कुमठ्याला जाऊन आलेल्यांनी फरशी पाहिली. ती फरशी तशी आखण्याआधी तिथल्या शिक्षकांनी मुलांकडे किती बारकाईने पाहिलं असेल, आपसात किती वाद घातले असतील, कितीदा खोडून पुन्हा आखलं असेल, ते एका दिवसाच्या भेटीत दिसत नाही. ऑइलपेंट विकत मिळतो, विचारपूस विकत मिळत नाही. त्यात शाळा ‘प्रगत’ ठरवण्यासाठी पंचवीस निकष आले आणि किती शाळा प्रगत झाल्या याची तालुकावार यादी मागवली जाऊ लागली. आपला तालुका मागं दिसू नये म्हटल्यावर न वाचणारं मूल पुन्हा लपवणं आलं. कुमठ्याचा दोष यात काडीचाही नाही. चांगल्या कामाची नक्कल एका शासननिर्णयाने होईल, ही आपली समजूत चुकीची होती.

सातारा जिल्ह्यात दुसरं एक काम आहे, ते इतकं गाजलं नाही. फलटणचं. मॅक्सिन बर्नसन मूळच्या अमेरिकन. फलटणच्या मराठी बोलीत माणसामाणसांत जे फरक आढळतात त्यांचा अभ्यास करून त्यांनी १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएचडी मिळवली. प्रबंध झाल्यावर बाई गाव सोडून गेल्या नाहीत. १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि त्याच सुमारास फलटणच्या दलित वस्तीतल्या मुलांसाठी वाचन-लेखनाचे वर्ग सुरू केले. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. आधी लोक कसं बोलतात ते वर्षानुवर्षं ऐकलं आणि मगच मुलांना कसं शिकवायचं ते ठरवलं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे क्रम उलटा असतो. पुस्तक आधी ठरतं, मुलाची भाषा नंतर, तीही ‘अशुद्ध’ म्हणून.

वाचन शिकवण्याचंच बघा. आमच्या पिढीने अ ते ज्ञ संपवल्यावर बाराखडी शिकवली. कानामात्रा येईपर्यंत वर्ष सरायचं आणि तोवर पोराला स्वतःचं नावही वाचता यायचं नाही. याऐवजी चार-पाच अक्षरांचा गट आणि एखाददुसरी मात्रा एकदमच दिली तर पहिल्या महिन्यातच मूल ‘मामा’, ‘काका’, ‘नाक’, ‘कान’ वाचतं, लिहितं, त्यावर बोलतं. जोडीला रोज गोष्ट वाचून दाखवायची. फलटणच्या संस्थेने आणि वाड्याच्या ‘क्वेस्ट’सारख्या संस्थांनी ही वाट आपल्या लिपीच्या स्वभावाला धरून पक्की केली. शैलजा मेनन यांच्या पुढाकाराने पालघर जिल्ह्यातलं वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे मराठी व कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा झाला, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. मुलांचा वेळ फळ्यावरचं उतरवून घेण्यात आणि घोकण्यात जातो, अभ्यासक्रम मुलांना येवो न येवो पुढं सरकत राहतो आणि तिसरी संपतानाही पुष्कळ मुलं साधे शब्द वाचताना अडतात, हे त्यात पानोपानी आहे. तो अहवाल आमच्या शिक्षण परिषदेत कधी वाचला गेला नाही. त्या दिवशी आम्ही बहुधा आधार जुळणीचे तक्ते भरत होतो.

आता कुणी म्हणेल, बाई, एका वर्गातल्या वहीवरून धोरण ठरतं का? नाही ठरत. धोरणाला मोठी संख्या लागते आणि तशी संशोधनं झाली आहेत, त्यातलं एक आपल्या मुंबईत. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्यातले दोन संशोधक, पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं ते. तिसरी-चौथीतली मागं पडलेली मुलं वस्तीतल्याच शिकलेल्या मुलीकडे रोज दोन तास द्यायची, असा तो उपक्रम. ती मुलं खरोखर पुढं गेली. त्यातली दुसरी बाब कमी सांगितली जाते. ही मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, पण मागं राहिलेल्या मुलांना त्याचा काही फायदा झाला नाही. पट कमी झाला की शिकणं आपोआप सुधारतं, हा आपला लाडका समज तिथे टिकला नाही. मूल जिथे आहे तिथून शिकवल्यावर फरक पडला.

हाच प्रयोग पुढे निरनिराळ्या राज्यांत सरकारी शिक्षकांकरवी करून पाहिला गेला. बिहारमध्ये शाळा चालू असताना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन भागलं नाही. उत्तराखंडातही फरक पडला नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये पडला. तिथे रोजचा एक तास याच कामासाठी राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता मोडून पातळीप्रमाणे गट केले आणि आमच्या केंद्रप्रमुखासारखं काम करणाऱ्या तिथल्या गटसमन्वयकांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना शिकवलं, मगच ते शिक्षकांना मार्गदर्शन करायला गेले. मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. गणितात फरक पडला नाही. संशोधकांनी तेही तसंच छापलं. नोबेल मिळालेल्या माणसाला ‘गणितात जमलं नाही’ असं लिहायची लाज वाटत नाही. आमच्या गुरुजींना ती वाटते, कारण तसं लिहिलं तर खुलासा मागवला जाईल अशी भीती असते.

मोठी पाहणी आणि शिक्षकाची वही एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. ‘असर’च्या पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, कोविडनंतर २०२२ मध्ये १६.३ झाली आणि २०२४ मध्ये २३.४ वर आली. दुखणं किती पसरलं आहे हे त्यातून कळतं, समोरच्या पोराला काय झालंय ते कळत नाही. जतच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारी मुलं मराठी शाळेत येतात. एक मुलगा धडा घडाघडा वाचायचा. कुठल्याही पाहणीत तो वरच्या गटात बसला असता. शिक्षकाने सहज विचारलं, ‘गोष्टीत कोण रुसलं?’ तर मुलगा गप्प. त्याला अक्षरं येत होती, अर्थ येत नव्हता. शिक्षकाने मग वर्गातल्या दुसऱ्या कन्नडभाषक मुलीला ती गोष्ट आधी कन्नडमधून सांगायला लावली आणि नंतर मराठी धडा घेतला. प्रश्नांना उत्तरं यायला लागली. किती मुलांना याचा फायदा झाला, किती दिवस टिकला, हे त्या शिक्षकाने टिपून ठेवलं तर सीमेवरच्या कितीतरी शाळांना त्याचा उपयोग आहे. पण ते कुठे पाठवायचं, कोण वाचणार?

आपल्या सार्वजनिक चर्चेतही हाच घोळ आहे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसबरोबर ‘वीस सात’ असं वाचण्याची सोय आली आणि महाराष्ट्र पेटला. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर कारण सांगत होत्या : मराठीत आपण आधी एकक उच्चारतो आणि लिहिताना आधी दशक लिहितो, म्हणून मुलं सत्तावीस ऐकून ७२ लिहितात. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोट्या झाल्या, वाहिन्यांवर मराठीच्या ऱ्हासाची चर्चा झाली. मी तेव्हा वाट पाहत होते की कुणीतरी म्हणेल, चला, मोजू. एका केंद्रातल्या निम्म्या शाळांत जुनी पद्धत, निम्म्यांत जोडीला नवी. दिवाळीच्या सुटीआधी सगळ्यांना वीस संख्या सांगून लिहायला लावायच्या आणि अंक उलटे पडलेली उत्तरं मोजायची. खर्च शून्य, वेळ एक सत्र. निकाल नारळीकरबाईंच्या बाजूने लागला असता की विरोधात, ते महत्त्वाचं नाही. वाद ज्या मुलांवरून होता त्यांनाच कुणी विचारलं नाही.

‘चला, मोजू’ हे गावाच्या चांगल्या उपक्रमालाही लागू आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावचा भोंगा आठवा. कोविडच्या ऑनलाइन शाळेने मुलांच्या हातात मोबाइल दिला आणि तो सुटेना, म्हणून १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने ठरवलं : संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठपर्यंत मुलं अभ्यासाला. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने झालेल्या या ठरावाची बातमी बीबीसीपर्यंत गेली. मला हा उपक्रम मनापासून आवडतो, कारण तो वरून आलेला नाही आणि त्यात मोठ्यांनाही पदर खोचावा लागतो. पण अशा दीड तासात मुलं काय करतात? स्वाध्याय उतरवून काढतात की गोष्टीचं पुस्तक वाचतात? घरात वाचून दाखवणारं कुणी नाही त्या पोराचं काय होतं? हा भोंगा दुसऱ्या गावाने वाजवायचा ठरवला तर आधी एका रविवारी तिथल्या आणि शेजारच्या भोंगा नसलेल्या गावातल्या मुलांचं वाचन तपासावं, सहा महिन्यांनी पुन्हा तपासावं. ग्रामसभेने मागणी केली तर दोन शाळांचे शिक्षक हे करतील. एखाद्या गावाने आपल्या पोरांवरच्या प्रयोगाचा निकाल स्वतः मागणं, हे कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं आहे.

या सगळ्यावरचे आक्षेप मला तोंडपाठ आहेत, कारण ते मीही बैठकीत ऐकले आणि काही स्वतः घेतलेही. पहिला : शिक्षक स्वतःच्याच कामाची परीक्षा घेणार, मग ती खरी कशी? सोपा तोडगा आहे. शेजारच्या शाळेच्या शिक्षकाने चाचणी घ्यावी आणि याने त्याची घ्यावी. जुलैतली मुलांची नावं आणि फेब्रुवारीतली नावं शेजारी शेजारी लिहावीत, गैरहजर कोण ते स्पष्ट दाखवावं. दुसरा : पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरात पटच आठ-दहाचा, तिथे कसलं संशोधन? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयानंतर तर वीसच्या आतल्या शाळांना दुसरा नियमित शिक्षक मिळेल की नाही, हीच धास्ती आहे. धास्ती खरी आहे आणि तो निर्णय मला मान्य नाही. पण आठ मुलांच्या शाळेत सरासरी काढायची गरजच नसते, तिथे प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद ठेवता येते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ एकशिक्षकी शाळेचीच कहाणी आहे. धनगरांची पोरं शाळेत का येत नाहीत, हे उमगल्याशिवाय त्या मास्तराला शाळा भरवता येत नाही. माणदेशात ते पुस्तक शिक्षक प्रशिक्षणात लावावं, असं मी कितीदा म्हटलंय.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा : वेळ कुठाय? मतदार याद्या, यू-डायस, पोषण आहाराच्या नोंदी, अपार आयडी, दर दोन दिवसांनी ‘आजच्या आज’ मागवलेली माहिती. वर ‘निपुण’चे तक्ते आणि नियतकालिक चाचण्यांचे गुण पोर्टलवर भरायचे. म्हणजे मुलांचं मोजमाप होत नाही असं नाही, भरमसाट होतं. पण ते सगळं वर जातं. खाली, वर्गात, त्यातून काही परत येत नाही. आपल्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांत कोणती चूक वारंवार आली, एवढी एक ओळसुद्धा शिक्षकाच्या हाती पडत नाही.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि सातारा-सांगलीच्या जिल्हा परिषदा त्या मंत्रालयाकडे न पाहता करू शकतात. एक : केंद्राच्या शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ चुकांसाठी राखावा. प्रत्येक शिक्षकाने हाताने लिहिलेलं एक पान आणावं. कोणती चूक, किती मुलांची, मी काय केलं, काय झालं. पीपीटी नको, फोटो नको, हारतुरे तर अजिबात नकोत. दोन : केंद्रप्रमुखाने दर सत्रात आपल्या केंद्रातल्या एखाद्या शाळेत सलग दोन आठवडे वर्ग घ्यावा. राज्यात ४८६० केंद्रं आहेत, पण केंद्रप्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि ज्या भरलेल्या असतात तो माणूस टपाल्याचं काम करतो. शिकवणं विसरलेला अधिकारी दुसऱ्याला काय दाखवणार? तीन : उपक्रमांच्या स्पर्धेत फसलेल्या प्रयत्नांचा वेगळा गट असावा. का फसला याची सर्वांत चांगली मांडणी करणाऱ्याचा सत्कार व्हावा. चार : फलटण आणि सांगलीच्या डाएटनी, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी, मिळून वर्षाला एक छोटी पुस्तिका काढावी. दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांच्या वहीतल्या निवडक नोंदी, शाळेचं नाव न छापता, साध्या मराठीत. हातच्याच्या वजाबाकीत जतच्या बाईंना जे कळलं ते दहिवडीच्या गुरुजींना पुढच्या जूनच्या आत कळलं पाहिजे.

सातारा जिल्ह्याला अशा धाडसाची सवय नवी नाही. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली, तेव्हा हे चालेल की नाही ते त्यांना कुणी सिद्ध करून दिलेलं नव्हतं. खेड्यात शिकवायला शिक्षक लागतील म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात अध्यापक विद्यालयही काढलं. कल्पना, शाळा आणि शिक्षकाचं घडणं या तीन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत. आपण त्या तोडल्या. कल्पना मंत्रालयात, संशोधन विद्यापीठात आणि शाळेत फक्त अंमलबजावणी.

जूनमध्ये शाळा उघडतील, जुलैत पुन्हा चाचण्या होतील. पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. शाळेत गेल्यावर निकालाची टक्केवारी विचारू नका. ‘गुरुजी, यंदा पोरं कुठं चुकतायत आणि तुम्ही त्यावर काय करून बघताय?’ असं विचारा. ज्या शिक्षकाकडे याचं उत्तर असेल त्याच्या पाठीशी उभे राहा, त्याचा प्रयोग फसला तरी. आणि ज्याच्याकडे नसेल त्याला ते शोधण्यासाठी आठवड्यातला एक तास मिळावा, म्हणून पंचायत समितीत जाऊन भांडा.